मडक्यांची खोली आणि सासूबाईंचं लुगडं

"कमला, हे तू उलटं लिहिलंस का?" साइटचे इंजिनियर राव सारांनी वही माझ्यापुढे धरली.

उलटं नव्हतं. मडक्यांची खोली गरम, साधी खोली गार. नऊ दिवस तसंच. मी वहीकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं.

मी आठवी नापास, पण आकडे वाचता येतात. माझं काम तेवढंच. वेलचेरीच्या साइटवर सारांनी सारख्या मापाच्या दोन खोल्या बांधून घेतल्या. एकीवर नुसता स्लॅब. दुसरीच्या स्लॅबवर मातीची मडकी पालथी, ओळीनं, वरून चुना आणि विटांचे तुकडे भरून फरशी. मडक्यात हवा कोंडून राहते, ती ऊन खाली उतरू देत नाही. वरच्या मजल्यावरची माणसं मद्रासच्या मे महिन्यात दोन दोन पंखे लावतात तरी घाम, मग करंटचं बिल आलं की परत घाम. मडकी लावली तर एक पंखा पुरेल, असं सारांचं म्हणणं. दोन्ही खोल्यांत भिंतीवर एकेक थर्मामीटर. दहाला, एकला, चारला मी वाचायचं आणि लिहायचं.

बिल्डर मुदलियार म्हणाले होते, गार करून दाखवा तर लावतो, नाहीतर सगळ्या ब्लॉकवर नुसता स्लॅब. शनिवारी एक वाजता ते येणार. आज गुरुवार.

सारांनी थर्मामीटर मागवले. साध्या खोलीतला मी धावत आणून दिला, त्यांना आत जाऊच दिलं नाही. दोन्ही एका बादलीत बुडवले, दोन्ही सारखंच बोलले. मग सार छतावर चढून फरशीला कान लावून बसले. उतरले तेव्हा चष्म्यावर चुना.

"साध्या खोलीत कोणी पाणी मारतं का?"

"नाही सार."

"दार उघडं राहतं?"

"नाही सार."

"मग तिथे काय हिमालयाचं वारं येतं का मा?"

"नाही सार," मी म्हटलं. नाही म्हणायची सवयच लागली होती.

खरं सांगते. नोकरी देतानाच सार बोलले होते, साइटवर मूल आणायचं नाही, खड्डे आहेत, लोखंड आहे. तेव्हा पाप्पाला, माझ्या तान्ह्या मुलीला, सासूबाई बघायच्या. मग त्या नणंदेच्या बाळंतपणाला कुंभकोणमला गेल्या. आठ महिन्यांची पोर मी कुठे ठेवू? आमचे हे एग्मोरला हॉटेलात काउंटरवर उभे, तिथे ठेवू? मडक्यांच्या खोलीत सार सारखे जाऊन छताकडे बघायचे, मुलगी बघायला गेल्यासारखे. साध्या खोलीकडे कोणी फिरकायचं नाही. खिडक्या मागे तळ्याकडे, आणि मिक्सरच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही. तिथे साडीची झोळी बांधली. पण ती खोली म्हणजे तवा. पोर लाल लाल झाली. अय्यो, मी घाबरले, घरून सासूबाईंचं सोवळ्याचं जुनं नऊवारी लुगडं आणलं, भिजवून दोन्ही खिडक्यांना लावलं, उरलेलं आतून दाराला. सुकलं की परत भिजवायचं. थर्मामीटर कोरडा होता, म्हणून वाटलं त्याला काय कळतंय.

त्याला सगळं कळत होतं. मलाच ते सारांनी पाण्याचं विचारलं तेव्हा कळलं, आणि तरी मी नाही म्हटलं.

शनिवारी मुदलियार छत्री घेऊन आले. आधी मडक्यांच्या खोलीत गेले, मग वही बघितली.

"काय राव, मडक्यांत रसम उकळत ठेवलंय काय?"

सारांचं तोंड एवढंसं झालं. "मडकी तडकलेली आली असतील. कुंभारानं फसवलं. फोडून बघू या."

"फोडा. मडकी रद्द, कुंभारही रद्द."

गवंडी पहार घेऊन शिडी चढायला लागला. तो कुंभार एकेक मडकं वाजवून दाखवायचा, मी बघितलं होतं. आणि उद्या त्या वरच्या मजल्यांवर कोणाच्या तरी पाप्पा झोपणार, तव्याखाली.

"थांबा!" मी ओरडले. "मडकी चांगली आहेत सार! लुगडं आहे, पाप्पा आहे, सासूबाई कुंभकोणमला आहेत!"

"कोण कुठे आहे?" सार म्हणाले.

मी दार उघडलं. मुदलियार आत गेले ते बाहेर येईचनात. मानेचा घाम पुसला, झोळीत वाकून बघितलं. पाप्पा मुठी वळून झोपलेली.

"राव, मी आता इथेच जेवतो," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक फ्लॅटबरोबर एक नऊवारी लुगडं आणि ते भिजवायला एक सून द्या. पंखासुद्धा नको."

सारांनी लुगड्याला हात लावला. "पाणी सुकताना हवेतली गरमी घेऊन जातं. लोक वाळ्याचे पडदे लावतात, तेच." मग माझ्याकडे वळले. "खोटं का बोललीस मा?"

"भीती वाटली सार."

"माझी?"

"नोकरीची."

सारांनी चष्मा पुसला. मग त्यांनी वहीतल्या सगळ्या पानांवर काट मारली. मला वाटलं माझ्यावर पण मारली. पण म्हणाले, "सोमवारपासून परत. लुगडं घरी."

मी विचारलं, पाप्पाला मडक्यांच्या खोलीत ठेवू का? म्हणाले, नको, माणूसही गरम असतं, ही पोर म्हणजे छोटा बल्ब. वॉचमनची बायको सेल्वी तिला कडुनिंबाखाली झोपवते. तिथे खड्डा नाही, हे सारांनी स्वतः जाऊन बघितलं.

पुढचे दोन आठवडे साधी खोली तव्यासारखी तापली आणि मडक्यांची गार राहिली. रोज, तिन्ही वेळा. मुदलियारांनी सही केली, पण लुगडं स्वस्त पडलं असतं हे सांगूनच केली.

सार म्हणतात, माझं रीडिंग बरोबर होतं, फक्त वहीत अर्धीच खोली लिहिली होती. म्हणून आता एक जास्तीचा रकाना आहे: खोलीत आणखी काय. मी रोज लिहिते, काही नाही.

सासूबाई परवा परत आल्या. लुगडं नाकाला लावून म्हणाल्या, याला चुन्याचा वास कसा? मी म्हटलं, माहीत नाही. सारांना खरं सांगायला मला अकरा दिवस लागले. सासूबाईंना सांगायला किती लागतील, देव जाणे.