देवाआधीचा घास

पाहुण्यानं चमचाभर भात तोंडात घातला आणि लगेच कागदी रुमालात थुंकला. "नमक ही नहीं है इसमें." सगळे हसले. रिसॉर्टचा मॅनेजरही हसला. समोर उकिडवा बसलेला माझा काका तेवढा हसला नाही.

तो भात देवाचा होता.

आम्ही गोंड. हलका, लवकर पिकणारा धान हाती आला की पहिला नवा भात देवाला, मग पूर्वजांना, मग घरच्यांना. त्याआधी नव्याचा दाणा कोणी तोंडात घालत नाही. काका गावचा भुमका. पूजा त्याच्या हातची.

आणि त्याला रिसॉर्टच्या त्या लॉनवर मी आणलं होतं. मी वीस वर्षं गाइड आहे, जिप्सीत बसून साहेबांना वाघ दाखवतो. जागतिक पर्यटन दिनाला काहीतरी 'ट्रायबल' पाहिजे, असं मॅनेजर म्हणाला आणि मीच त्याला नव्याच्या पूजेचं सांगितलं. त्यानं पाठीवर थाप मारली. लिहायला लाज वाटते, पण ती थाप मला आवडली.

काका तयार नव्हता. "लॉनवर देव येते काय रे?"

"काकाजी, देवाचे गोटे जंगलात. तिथी पूजेले गेलं का फॉरेस्टवाले आपल्याले गेटवरच अडवतेत. इथी तरी करा."

तो आला. मोहाच्या पानावर भात वाढला, डोळे मिटले, पूर्वजांची नावं घ्यायला लागला. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "बाबा, पूजा बाद में. पहले गेस्ट." त्यानं काकापुढचं पान उचललं आणि पाहुण्याच्या हातात दिलं.

चमचा मी आणून दिला. कोणी मागितलाही नव्हता.

आम्ही घरी आलो. अंगणात काका म्हणाला, "देवाचा घास उष्टा केला तू. या साली मी नवं खात नाई. तू खा, तुया साहेबासंग."

शेतातला धान घरात आला. काका रेशनचा तांदूळ खात राहिला. पुढचं नवं यायच्या आत तो गेला.

परवा मॅनेजरचा फोन आला. "पिछले साल टूरिझम डे पे बहुत हिट हुआ था. बाबा को लाना."

"बाबा गेले."

"अरे. तो कोई दूसरा बाबा देखो ना."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला सर म्हटलं नाही. "त्यायच्या मांग भुमका आता मी हाय," म्हणालो, "अन् मी येत नाई."

भरदिवसा गावाची बैठक बोलावली. चमच्याचंही सांगितलं. माझ्या चुलतबहिणीनं, काकाच्या लेकीनं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण रिसॉर्टमध्ये स्वयंपाक तीच करते, आणि सगळ्यांत आधी तीच म्हणाली, "त्या दिवशी मी चूल पेटवत नाई."

गाइड, ड्रायव्हर, वाढपी, भांडीवाल्या, सगळे आमच्याच गावचे. त्या दिवशी आम्ही सगळे नवा भात घेऊन जंगलाचं गेट ओलांडणार. पहिला घास देवाच्या गोट्यांना, दुसरा काकाला. अडवणाऱ्यानं अडवून पाहावं.

लॉनवर टेबलं लागतील, चमचे लागतील. वाढायला कोणी नसेल. मॅनेजर फोन लावत राहील. मी उचलीन, एकदाच. म्हणीन, "पहले देव. गेस्ट बाद में."