पाठीवरची दोन बोटं

शेवंता गेली ती सकाळी, चहा ठेवायच्या आधी. मी उठून बघतो तर ती कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली. परत मारली. मला कमी ऐकू येतं, त्यामुळे वाटलं, ती बोलली असेल, मलाच कळलं नसेल. कान तोंडाजवळ नेला तेव्हा समजलं... त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, बाई फार साधी होती. साधीबिधी काही नव्हती. चांगली खट होती. तिच्यामुळे माझ्या हातून एक चांगलं काम झालं, तेवढं सांगायचंय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी भिवंडीत पॉवरलूमवर मिस्त्री. लूमच्या खडखडाटात कान गेलेले, डोकंही कायम तापलेलं. सुट्टीच्या दिवशी जवळच राहनाळला अन्वरभाईच्या वर्कशॉपात जाऊन बसायचो. तो आर्गनचं वेल्डिंग करायचा, स्टीलच्या टाक्या बनवायचा. साधं वेल्डिंग मी खूप बघितलेलं, ठिणग्या आणि धूर. आर्गनचं तसं नाही. एका हातात टॉर्च म्हणतात ती वेल्डिंगची दांडी, दुसऱ्या हातात बारीक तार, मध्ये निळसर उजेडाचा एक ठिपका आणि आवाज जवळजवळ नाहीच. सगळा जन्म गोंगाटात काढलेल्या माणसाला ते बघून काय वाटलं, ते मला लिहिता येत नाही. मला नाद लागला. त्यातून कमवायचं काही नव्हतं, नुसता नाद. अन्वरभाई भंगाराचे तुकडे द्यायचा आणि मी ते जाळायचो. लूमवर हात झटक्यात चालवायची सवय. इथे स्टील वितळायच्या आत मी तार घुसवायचो, नाहीतर टॉर्चचं टोक स्टीलला टेकवून खराब करायचो. अन्वरभाई बाजूने ओरडायचा, "मिस्त्री, जल्दी क्या है, ट्रेन पकडनी है क्या?" पण काळी काच तोंडावर घेतली की त्याचं ओरडणंही मला नीट पोचायचं नाही.

तशात मी एक शहाणपणा केला. आमच्या बुद्धविहारापुढे पाण्याची टाकी बसवायचं ठरलं होतं, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही पाणी मिळावं म्हणून. वस्तीने वर्गणीतून पत्रा आणला. सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, टाकीचा जोड मी मारतो. अन्वरभाईने फुकटात करून दिली असती. पण माझ्या आजाला गावात पाणी लांबून, वरून ओंजळीत ओतायचे. ही टाकी मला माझ्याच हातची पाहिजे होती. शेवंता सभेत बायकांच्या बाजूला बसलेली. घरी येताना एवढंच म्हणाली, "अवो, तुमाला येतंय का ते?" मी म्हटलं, येईल. "येईल म्हंजे आज न्हाय येत," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

पुढच्या सुट्टीला ती डबा घेऊन वर्कशॉपात आली. मी दोन तुकडे काळे करून बसलेलो. अन्वरभाईची दुसरी काच उचलून ती डोळ्यांपुढे धरून उभी राहिली. "शेवंते, अंगाला चटका बसेल, लांब हो," मी म्हटलं. तिने खुंटीवरचा माझा फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला आणि परत तिथेच. बराच वेळ बघितलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमी घाई करता. आधी ते पाक होऊ द्या. गुळाचा पाक जमला की कसा चमकतो? तसं चमकलं की तार द्या."

मला ते चमकणं दिसायचं, पण हात त्याच्या आधीच धावायचा. मग तिने तिची युक्ती काढली. माझ्या मागे उभी राहायची, काच डोळ्यांना, आणि पाक जमला की माझ्या पाठीवर दोन बोटं मारायची. बोटं पडली की तार द्यायची, नाहीतर नाही. मी चिडलो, माझी पाठ आहे की ढोलकं, म्हणून. ती म्हणाली, "कानाने ऐकत न्हाय तर पाठीने ऐका." अन्वरभाई हसून स्टुलावरच बसला. पण त्या दिवशी माझा पहिला धड जोड आला. काळा नाही, सोनेरी.

मग दर सुट्टीला आम्ही दोघं. शेजारच्या बाया तिला तो शर्ट घेऊन निघताना बघायच्या. "काय शेवंते, ड्युटीला निघाली?" ती म्हणायची, "हा, मिस्त्री शिकतोय, त्याला शिकवायला." एकदा उन्हाळ्यात मला घामाने निथळताना बघून तिने मागून पुठ्ठ्याने वारा घातला. आर्गनला वारा चालत नाही, तिथला पंखासुद्धा बंद ठेवावा लागतो. वाऱ्याने गॅस उडाला आणि जोड कोळशासारखा झाला. अन्वरभाई म्हणाला, "भाभी, मोहब्बत घर पे करो." ती इतकी लाजली की त्या दिवशी डबा तिथेच विसरून गेली.

वर्कशॉपात टाकीचा जोड सुरू केला त्या सकाळी ती घरी होती, पाहुणे आलेले. मी थांबायला पाहिजे होतं, पण थांबलो नाही. खालचा वीतभर जोड एकट्याने मारला, तो दगडधोंड्यासारखा आला. ती दुपारी आली, बघितलं, शर्ट चढवला. मागे उभी राहिली. तिथून वरपर्यंत आम्ही दोघांनी मारला.

जयंतीच्या आदल्या दिवशी टाकी पाण्याने भरली. तिने घरून तांदळाचं पीठ आणलेलं, ते बाहेरून जोडावर कोरडंच चोळलं. म्हणाली, ओल आली तर दिसेल. थोड्या वेळाने खाली, त्या वीतभर भागात, पीठ भिजून काळं पडलं. सगळ्या वस्तीचा पत्रा... मी म्हटलं, अन्वरभाईच्या हातात देऊ, तो नीट करेल. तर ती म्हणाली, "सभेत कोण उभा राहिलेला? अन्वरभाई? एवढुसंच पाझरतंय, मला वाटलेलं चाळणी होईल. व्हा उभे." टाकी रिकामी केली, पुसून कोरडी केली. मी काच ओढली. पाठीवर दोन बोटं पडली... थांबली... परत पडली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा पीठ चोळलं. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. पीठ पांढरंच राहिलं. तिने पदराने ते झटकलं आणि म्हणाली, "चला, भात टाकायचाय." दुसऱ्या दिवशी टाकी विहारापुढे बसली, लोकांनी माझा हात हातात घेतला. ती लांब, बायकांत उभी राहून वाटी भरून पाणी पीत होती.

परवा विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, तिच्या नावाने वंदना आणि जेवण. सगळे जेवायला बसल्यावर मी टाकीपाशी गेलो. अजून चालते. जोडावर खालून वर हात फिरवला. खाली गाठी लागतात. तिथून वर माशाच्या खवल्यासारखे एकावर एक, सारखे... प्रत्येक खवला म्हणजे तिने एकदा बोटं मारलेली. मी हात तिथेच ठेवून उभा होतो. एक बाई तांब्या घेऊन आली. "बाबा, जरा सरकता का, पाणी घ्यायचंय." मी सरकलो. तिने नळ सोडला, तांब्या भरला आणि तिथेच उभ्याने घटाघटा प्यायली.