आईच्या कोपराची खूण

माझे बाबा गवंडी होते आणि टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "टेपला काय कळतंय, बाईची पाठ कुठं दुखते ते?" म्हणायचे. कुणाकडे स्वयंपाकाचा ओटा बांधायचा असला, की आधी त्या घरात जो कोणी रांधत असेल त्याला चपला काढून भिंतीला टेकून उभं करायचे. हात कोपरात वाकवायला सांगायचे आणि कोपराच्या खाली चार बोटं मोजून आपल्या लाकडी काठीवर चाकूने खाच पाडायचे. ओटा त्या खाचेएवढा. अशा पन्नासेक खाचा होत्या काठीवर, आणि कुठली कोणाची ते त्यांना तोंडपाठ. "ही डॉक्टरीणबाईंची. ही त्या खानावळवाल्याची, माणूस ताडमाड, पण चमचा धरायचा पोरीसारखा."

एका खाचेत लाल रंग भरला होता. ती आईची. लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेली.

पण दिव्याखाली अंधार. गावभर ओटे बांधणाऱ्या माणसाची बायको आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांतून, दुसऱ्यांच्या बुटक्या ओट्यांवर वाकून रांधत राहिली. संध्याकाळी कमरेला हात लावून उभी राहिली की बाबा म्हणायचे, "एकदा आपलं घर होऊ दे गं, तुझ्या मापाचा ओटा बांधतो की नाही बघ."

"बघते हो. डोळे शाबूत आहेत तोवर बघते," आई म्हणायची.

घर झालं तेव्हा बाबा साठी ओलांडून गेले होते. घेतलं तेही तयार घर. स्वयंपाकघरात ओटा होताच, तसाच बुटका, आणि त्याच्या पोटातून सगळे नळ गेलेले, म्हणजे हात लावायची सोय नाही. बाबा महिनाभर त्या ओट्याकडे सवतीकडे बघावं तसे बघत होते. मग माझ्या नवऱ्याने त्यांना फोनवर एक चित्र दाखवलं. अंगणाच्या मधोमध विटांचा लांबलचक ओटा, एका टोकाला विस्तवाची जाळी, दुसऱ्या टोकाला हात धुवायचं भांडं, चारही बाजूंनी मोकळा.

"याला बार्बेक्यू आयलंड म्हणतात. म्हणजे बेट," नवरा म्हणाला.

"बेट? मग पाणी कुठाय?" बाबांनी विचारलं, पण डोळे चमकले होते. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून काठी खाली आली.

काम सोडून सहा वर्षं झाली होती. थापी धरली की हात लगेच दमायचा. मी मदतीला जायचे आणि बोलणी खाऊन यायचे. "ओळंबा तिरका धरलायस! वीट भिजवली का? कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते, कितीदा सांगू?" विस्तवाच्या जागी त्यांनी आतून भट्टीच्या, आग सोसणाऱ्या विटा लावल्या आणि बाहेरच्या भिंतीत अन् त्यांच्यात बोटभर फट सोडली. "तापलं की वीट फुगते. तिला जागा ठेवावी लागते, माणसासारखी." राखेसाठी खाली खण, लाकडांसाठी कोनाडा, वर काळ्या दगडाची फरशी. आईला मात्र अंगणात यायला बंदी. पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही म्हणे.

"बाबा, एकदा आईला काठीपाशी उभं करा की," मी म्हटलं होतं. देवाशपथ म्हटलं होतं.

"तिचं माप तू मला शिकवणार? चाळीस वर्षं झाली त्या खाचेला!" सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. मीही मग तोंडाला कुलूप लावलं.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी आईला हात धरून बाहेर आणलं. आई ओट्यापाशी उभी राहिली, फरशीवरून हात फिरवत म्हणाली, "अगंबाई! काय गुळगुळीत झालाय हो." डोळे भरून आले होते तिचे. मलाही वाटलं, सुटलो बाई. आणि मग बाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं. आईच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. चवड्यांवर उभी होती ती, त्यांना कळू नये म्हणून.

बाबांनी काठी आणून तिच्याशेजारी उभी केली. "टाचा टेक." तिने टेकल्या. ओटा थेट कोपरापर्यंत आला होता. खाली चार बोटं सुटायला हवी होती, तिथे एकही नाही.

ते उलट्या बादलीवर बसले. "इतकी कधी वाकलीस गं तू?"

"हळूहळू. तुम्ही लोकांची मापं घेत होतात तेव्हा," आई म्हणाली. चिडून नाही, हसतच. पण तो घाव मलाही लागला.

"वरचा एक थर उतरवू, त्यात काय एवढं," मी बोलून गेले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरात पळाले. दोन दिवस त्यांनी थापीला हात लावला नाही. जेवताना आईकडे बघत राहायचे, जणू नवीन माणूस घरात आलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी थापीचा आवाज आला. बाबा ओट्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर विटा आडव्या बसवत होते. पाय अडखळू नये म्हणून चांगल्या ऐसपैस, कडा घासून गोल केलेल्या.

"हे काय?"

"जमीन खचलीय इथली. वर घेतोय." नाक उडवून म्हणाले, "ओटा बरोबर आहे. तुझी आईही बरोबर आहे."

सिमेंट वाळल्यावर त्यांनी आईला चपला काढायला लावल्या, वर उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं. चार बोटं घातली. बरोबर बसली. मग आईने जाळीवर मासे भाजले आणि बाबांना धुराने रडू आलं. धुरानेच, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते.

आता दोघंही नाहीत. घर माझ्याकडे आहे, काठीही. रविवारी मी विस्तव पेटवते. आईच्या विटांवर उभं राहिलं तर मला ओटा बुटका होतो, म्हणून मी पलीकडच्या बाजूला जाते. तिकडे जमीन जिथल्या तिथे आहे. चपला काढून एकदा कोपर वाकवलं होतं. खाली नेमकी चार बोटं. म्हणजे लग्न होऊन आली तेव्हा आई एवढीच होती, माझ्याएवढी.

समोर त्या विटा रिकाम्या असतात. "आई, मासा उलटू का गं?" अजूनही तोंडातून निघून जातं. मग मला माझाच राग येतो, आणि तोवर एक बाजू करपलेली असते.