पारबताबाईंचा जबाब

पारबताबाई गेल्या हे मला दिग्रसच्या बाजारात कळलं. सांगणारी म्हणाली, "लय सोशिक होती बिचारी." महिना झाला, तो शब्द अजून खुपतोय. सोशिक नव्हत्या त्या. त्यांना सोसायला लावलं होतं... आणि लावणाऱ्यांत मीही होते.

त्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या, मी शेजारची मास्तरीण. एका दुपारी मुकादमानं त्यांना रुईच्या कोठारात बोलावलं आणि दार लावलं. झटापट करून त्या सुटल्या, पण डावं मनगट मोडलं. मी त्यांना घेऊन ठाण्यावर गेले. जमादारानं मुकादमाला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्याच्या देखत पारबताबाईंना उभं ठेवून विचारलं, "एकटी काहून गेलती वं आत?"

"मुकादमानं बोलावलं म्हून."

"मंग वरडली काहून नाही?"

"वरडली ना साहेब. मशिनी चालू होत्या."

मुकादम हसला. जमादारही.

लिहून झाल्यावर जमादारानं कागद माझ्याकडे सरकवला, "वाचून दाखवा हिले." त्यात होतं, 'पाय घसरून पडल्याने हातास इजा झाली.' माझी शाळा जिनाच्या मालकाची, मला नोकरीची भीती वाटली. प्रकरण तिथंच मिटावं म्हणून ते वाक्य गाळून मी वाचलं. हो, गाळलं!

"बाई," पारबताबाई म्हणाल्या, "माह्या हाताचं नाही आलं. पुन्हा वाचा."

मी खाली मान घालून ते वाक्यही वाचलं.

"आंगठा लाव अन् जाय घरी," जमादार ओरडला.

"पाय नाही घसरला माहा. त्यानं हात पिरगाळला. खोट्याखाली आंगठा नाही लावत."

त्यानंतर तीनदा बोलावणं आलं, तीनदा तेच प्रश्न, तोच मुकादम समोर. शेवटी जमादारानं वैतागून खरं लिहिलं. पण त्यांना कोठारातून पळत येताना पाहणाऱ्या बायांनी काहीच पाहिलं नव्हतं म्हणे. मुकादम कामावर राहिला, पारबताबाईंचं काम गेलं. मनगट वाकडंच जुळलं.

मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता. पुढे कुणा बाईला ठाण्यावर जायचं असलं की त्या सोबत जायच्या. "तू सांग, मी हाय," एवढंच म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात एक तरुण बाई त्यांना शोधत आली. ओठ फाटलेला. त्या गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी चपला घातल्या. ठाण्यात जमादार नवा होता, प्रश्न जुनेच. त्यानं लिहिलेला जबाब मी मोठ्यानं वाचला, अक्षरन् अक्षर. दोन ओळी खोट्या निघाल्या.

"या ओळी खोडा," मी म्हटलं. "तोवर आम्ही इथून हलत नाही."