दाबून पाहत जा

पावर हाउस चौकातल्या गॅरेजच्या त्या मेकॅनिकचा मले संतापच येते. कोणाचंही बोनेट उघडलं की तो आधी रेडिएटरची नळी दाबते अन् एकच गोष्ट दोनदा बोलते, "इंजिन थंड असलं की दाबून पाहत जा, पाहत जा."

माझ्या जुन्या गाडीची नळी पाझरे, म्हणून मी तिले सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ते पाहून तो खेकसला, "प्लांटमंदी हेच करता का भाऊ, हेच करता का?"

"उद्या पोरं घेऊन नागपूरले जाऊन राहिलो. आल्यावर बदलू."

त्यानं ब्लेडनं नळी सरळ कापून टाकली. मी तोंडात येईल ते बोललो. त्यानं तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. आतलं रबर चिखलासारखं बोटाले लागलं.

स्टील प्लांटमंदी वीस वर्षांपासून मी नळ्याच तपासून राहिलो.