संतपूरचा सत्कार आणि न दाखवलेली दुर्बीण

गुलबर्ग्याला उतरले तेव्हा मी खुशीत होते. ती खुशी स्टेशनवरचा चहा संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही. मी पुण्यात पेटंटचे अर्ज करून देते. इथल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या महानंदाने पोटाच्या तपासणीच्या दुर्बिणीची नवी रचना केली होती; ती बघायची आणि अर्ज तयार करायचा, एवढंच काम. फोन केला तर ही बाई म्हणते, "मॅडम, मी गावाकडं आलेय, संतपूरला. उद्या गावानं सत्कार ठेवलाय. दुर्बीण दाखवायची हाय."

"कुणाला?"

"सगळ्यांना! आमच्या अप्पांनी, वडलांनी, फ्लेक्सवर चित्रबी छापलंय."

मी कपाळावर हात मारला. अर्जाआधी रचना चारचौघांत दाखवली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. पेटंट गेलं, की ती बनवायला पैसा घालणारा कारखानदार हात झटकणार आणि दुर्बीण कॉलेजच्या कपाटात पडून राहणार. बरं, लगेच अर्ज करावा, तर कॉलेजची परवानगी लटकलेली. "काही दाखवू नकोस, मी येतेय," असं ओरडून मी बसस्टँड गाठला.

बिदरची बस कुणाच्या तरी तुरीच्या पोत्यांसाठी ताटकळली. हुमनाबाद गेलं, काळी जमीन सरून तांबडी लागली, पण माझं कुठे लक्ष! शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं चाललाव, अक्का (ताई)?" मी चिडून सगळं सांगितलं.

"चांगलं केलंय म्हणता, मग गावापासून लपवायचं कामून (कशासाठी)?"

काय सांगणार, कप्पाळ! बिदरला जोळद रोटी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगाई (भरली वांगी) समोर आली. रागाच्या भरात तीन भाकऱ्या खाल्ल्या. वांगी मात्र झकास होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतपूरच्या स्टँडवर उतरले आणि समोरच तो भलामोठा फ्लेक्स. वर महानंदा, शेजारी दुर्बीण. जवळ जाऊन पाहिलं, तर ही दुर्बीण भलतीच! जुन्या धाटणीची, कुठल्याही दवाखान्यात असते तशी. महानंदाचे वडील अप्पा मला घ्यायला आले होते. ते ओशाळून म्हणाले, "तिच्या दुर्बिणीचं चित्र लईच साधं दिसायलतं. फ्लेक्सवाल्यानं मोबाइलमधलं चांगलं बघून टाकलं."

त्या फ्लेक्सवाल्याचे पाय धरावेसे वाटले मला.

पण सत्कार राहिलाच होता. शाळेपुढे मांडव, शाल, श्रीफळ, भाषणं. शेवटी गुरुजी माइकवर म्हणाले, "आता महानंदा आपल्याला दुर्बीण दाखवेल." ती पर्स छातीशी धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नको म्हटलं.

"अजून दाखवता येत न्हाई," ती कशीबशी म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग केलीस काय? शाल कशाची घेतलीस?" मांडव हसला. घरोघरी जाऊन आमंत्रण देणारे अप्पा जमिनीकडे बघत बसले. मला त्या ओरडणाऱ्याचा राग आला, कायद्याचा आला, कॉलेजचा तर आलाच आला.

परतीच्या बसपर्यंत अप्पा सोडायला आले. बस येताना दिसली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, खरंच केलंय न्हवं तिनं कायतरी?"

"हो, अप्पा."

"काय, ते इचारत न्हाई," म्हणाले आणि माझी बॅग वर चढवली.

पुण्यात येऊन मी कॉलेजचं डोकं खाल्लं. परवानगी आली, अर्ज गेला. आता दुर्बीण खुशाल दाखवावी, कुणाची हरकत नव्हती. नवं काही केलं की माणूस आधी घरी सांगतो. आमचा कायदा नेमकं तेच करू देत नाही. म्हणून पहिला फोन अप्पांना लावला.

"दुर्बिणीचं टोक अर्धं फिरवलं की सुटतं. ते उकळून स्वच्छ करता येतं. म्हणजे लहान दवाखान्यातसुद्धा एकाच्या पोटातली घाण दुसऱ्याच्या पोटात जाणार नाही. हे तुमच्या लेकीनं केलंय."

"येवढं करून पोरगी त्या दिशी गप उभी ऱ्हायली व्हय?"

"राहिली, अप्पा."

"मग आता सांगू का गावात?"

"सांगा. ओरडून सांगा."

फोन बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. चपलांचा आवाज आला, दार वाजलं आणि मग अप्पांनी रस्त्यावर कुणालातरी मारलेली हाक मला पुण्यात ऐकू आली.