लेबलावरचं इंग्रजी

दिघेबाई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोन करून कळवलं. मी पळसदरीच्या घरी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. "आई पहाटे गेली, सर," एवढंच ती म्हणाली. बाई वर्षभर आजारी होत्या. पळसदरीहून कर्जत ते किती लांब... तरी शेवटचे दोन महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि तीच सांगायची म्हणून पाय निघत नव्हता. आता ती इथे सांगतो.

साजगावच्या कारखान्यांजवळच्या एका शाळेत आम्ही बरीच वर्षं एकत्र होतो. त्या इंग्रजी शिकवायच्या, मी विज्ञान. बाई कर्जतमधल्या जुन्या शिक्षकांच्या घरातल्या, मुलं मात्र आसपासच्या गावांतली. त्यांचे बाप सकाळी भाताच्या खाचरात एक फेरी मारून पहिल्या पाळीला कामावर जायचे. या मुलांना इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं घोकायचं काहीतरी. बाई म्हणायच्या, परक्या माणसाची ओळख नुसत्या गप्पांनी होत नाही, एकत्र काम केलं की होते; भाषेचंही तसंच आहे. म्हणून त्यांनी नववीला एक प्रकल्प दिला. घरात, गावात जिथे इंग्रजी छापलेलं दिसेल ते वहीत उतरवून आणायचं. खताची पोती, औषधांच्या बाटल्या, पंपाची पाटी, काहीही. त्यातली मापं गणिताच्या तासाला, खुणांची चित्रं चित्रकलेच्या तासाला, आणि आत नेमकं काय आहे ते विज्ञानाच्या तासाला बघायचं. गणिताचे आणि चित्रकलेचे शिक्षक लगेच तयार झाले. मी पोर्शन मागे आहे असं सांगून नकार दिला. खरं कारण वेगळं होतं. माझा तास कुणीतरी मागतंय, हेच मला सहन झालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. एका पालकाने तक्रार केली होती, पोरं पुस्तक सोडून भंगारवाल्याच्या दुकानात शब्द शोधत फिरतात म्हणून. तुमचं काय मत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुलांचा वेळ वाया जातोय. दुसऱ्या दिवशी प्रकल्प बंद करण्याची सूचना निघाली. बाईंनी ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि तासाला गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

त्याच आठवड्यात मनीषा नावाची नववीतली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. प्रकल्प बंद झाला तरी तिने आधी उतरवलेलं एक लेबल शिल्लक होतं. "सर, ह्यातला एक शब्द बाईंनी तुमाला विचारायला सांगितलाय," ती म्हणाली. शब्द होता टॉक्सिक. विषारी, मी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं, मग पुढची ओळ अडखळत स्वतःच लावली... रिकामं पिंप पुन्हा वापरू नये. हे कुठे मिळालं, असं मी सहज विचारलं. तिने दाराबाहेर बोट दाखवलं. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचं निळं पिंप होतं. कारखान्यातून भंगारात निघालेलं, कुणीतरी गावातूनच स्वस्तात आणून दिलेलं, मागच्या बाजूला अर्धवट निघालेलं लेबल. अकरा वर्षं मी, रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, त्या पिंपातलं पाणी पीत होतो. मुलंही पीत होती. मी ते लेबल एकदाही वाचलं नव्हतं.

मी मनीषाला घेऊन तसाच मुख्याध्यापकांकडे गेलो. पिंप त्याच दिवशी हललं, आणि प्रकल्प पुन्हा सुरू करा असं मी म्हणालो. आधी काय म्हणालो होतो, ते माझं चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. मुख्याध्यापकांसमोरही नाही, बाईंसमोरही नाही. मी माझे तास दिले आणि बाईंनी ते घेतले, बस्स.

पुढचं काम सोपं नव्हतं. अशी पिंपं घरोघर होती. मनीषाची आई शाळेत येऊन बाईंसमोर उभी राहिली. "बाई, पोरगी पिंपातलं पाणी पिऊ देत नाय. फेकून दे म्हणते. मग मी पाणी कशात भरू?" बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली. मग तिचा प्रश्न तसाच वर्गापुढे ठेवला. मुलांनी कारखान्याला इंग्रजीत पत्र लिहिलं, रिकामी पिंपं भंगारात विकू नयेत म्हणून. बाईंनी ते चार वेळा परत लिहायला लावलं, चूक मात्र स्वतः एकही दुरुस्त केली नाही. पत्राला उत्तर आलं नाही. पण महिन्याभराने मनीषाची आई रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "पिंप हाय अजून, सर. धुण्याचं भरते त्यात. पिण्याचं नाय भरत." मी हे बाईंना सांगितलं.

दिवस झाल्यावर मी कर्जतला त्यांच्या घरी गेलो. मुलगी बाहेर गेली होती. बाईंची देखभाल करणाऱ्या सुरेखाने दार उघडलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिने मला बाईंच्या खोलीत नेलं. पलंगाशेजारी स्टीलच्या डब्यात औषधांची रिकामी पाकिटं नीट लावून ठेवलेली होती. प्रत्येकावर मराठी चिठ्ठी... रिकाम्या पोटी, जेवणानंतर, पाण्यात विरघळवून. पहिल्या चिठ्ठ्या बाईंच्या तिरक्या अक्षरातल्या होत्या. पुढे अक्षर बदललं होतं, मोठं आणि जपून काढलेलं.

"सुरुवातीला त्या लिवून द्यायच्या," सुरेखा म्हणाली. "मग म्हणाल्या, आता तू वाच आणि तू लिव. चुकलं की सांगायच्या नाय, परत वाच म्हणायच्या." मुलीने डबा टाकून द्यायला सांगितलं होतं, सुरेखाने तो मागून घेतला होता. तिने एक पाकीट उचललं, छापील इंग्रजी अक्षरांखालून बोट सरकवत एकेक शब्द मोठ्याने वाचला. एका शब्दाशी थांबली. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.